घटक ५ : विचारदमन आणि समाजाची हानी – 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या निमित्ताने

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विचाराला होणारा विरोध आणि विचाराचे दमन यांतील भेद तुम्हाला स्पष्ट करता यावा, र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा इतिहास या भेदाच्या आधारे मांडता यावा, आणि दमनाने होणारी हानी नेमकी कोणाच्या वाट्याला येते याचे विवेचन स्वतःच्या शब्दांत करता यावे, अशी अपेक्षा आहे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एकोणिसाव्या शतकातील मराठी वैचारिक गद्य वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. त्या काळच्या बहुतेक सुधारकांच्या चरित्रात छळाचे एक प्रकरण असते. सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण फेकले गेले, आगरकरांची ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. आपण ही प्रकरणे आदराने वाचतो आणि पुढे जातो. ज्यांनी सोसले ते थोर ठरले, ज्यांनी छळले त्यांची नावेही उरली नाहीत, आणि त्या सुधारकांचे म्हणणे पुढे समाजाने बहुतांशी स्वीकारले. त्यामुळे शेवट गोड झाला असे आपल्याला वाटते.

या समाधानात एक हिशेब मांडायचा राहून जातो. विचार मांडला गेला आणि समाजाने तो स्वीकारला, या दोन घटनांमध्ये तीस-चाळीस वर्षांचे अंतर असते. त्या वर्षांत जी माणसे जगली आणि मेली, ज्यांना त्या विचाराची गरज होती पण तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला गेला नाही, त्यांचे काय झाले? लेखकाच्या चरित्रात त्यांना जागा नसते. प्रस्तुत घटकात आपण मुख्यतः त्यांच्याकडे पाहणार आहोत. त्यासाठी विसाव्या शतकातील एक उदाहरण घेतले आहे. विषय संततिनियमनाचा आहे. तो अभ्यासपुस्तिकेत पाहून कोणाला किंचित संकोच वाटला, तर तो संकोचही या घटकाच्या अभ्यासविषयाचाच भाग समजावा.

५.२ विरोध आणि दमन

'दमन' हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. एखाद्याच्या मतावर टीका झाली की लगेच मुस्कटदाबीची ओरड होते. म्हणून प्रथम भेद स्पष्ट करू.

संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना महात्मा गांधींचा ठाम विरोध होता. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हा दोघांत सविस्तर चर्चा झाली. गांधीजींनी संयमाचा मार्ग सांगितला, सँगरबाईंनी तो सामान्य संसारी माणसाला पेलणारा नाही असे मांडले. कोणीच कोणाचे मत बदलू शकले नाही. तरीही या चर्चेने समाजाचे काही बिघडले नाही. उलट दोन्ही बाजू आपापल्या पूर्ण बळानिशी लोकांसमोर आल्या. याला विरोध म्हणतात. विरोधक तुमच्या म्हणण्याला उत्तर देतो, म्हणजे ते म्हणणे अस्तित्वात आहे हे तो मान्य करतो. दमन करणारा उत्तर देत नाही. ते म्हणणे ऐकूच जाऊ नये, अशी व्यवस्था तो करतो.

ही व्यवस्था सरकारच करते असे नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात दाखवून दिले की समाजाची जुलूमशाही राजसत्तेच्या जुलूमशाहीहून अधिक खोल जाते, कारण ती माणसाच्या दैनंदिन व्यवहारात शिरते आणि तिच्यातून पळून जायला जागा उरत नाही. मिलचे वाचन आगरकरांच्या विचारांच्या घडणीत महत्त्वाचे होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १८८७ मध्ये ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केले. यामागे कोणतीही सरकारी बंदी नव्हती. सामाजिक सुधारणेविषयीची आपली मते ज्या पत्राचे आपण संपादक आहोत त्यातच मोकळेपणाने मांडता येत नाहीत, ही अडचण होती. ज्यांच्यात स्वतःचे पत्र काढण्याची धमक होती, त्यांनी ते काढले. ज्यांच्यात ती नव्हती, त्यांची मते आज आपल्याला माहीतच नाहीत.

मिलचा आणखी एक मुद्दा येथे लक्षात ठेवा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. मत दडपल्याने ते मत धारण करणाऱ्यापेक्षा ते न मानणाऱ्यांचे नुकसान अधिक होते, असे तो म्हणतो. मत खरे असेल तर आपली चूक सुधारण्याची संधी ते गमावतात. आणि खोटे असले तरी आपले म्हणणे खरे का, हे घासून पाहण्याची संधी गमावतात.

५.३ रघुनाथ धोंडो कर्वे आणि 'समाजस्वास्थ्य'

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्र त्याच वर्षी निघाले, म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. कर्वे यांच्या पत्नी मालतीबाई यांची या कार्याला साथ होती. परंतु कर्वे ज्या विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते, त्याच्या चालकांना आपल्या प्राध्यापकाने असा विषय जाहीरपणे हाताळावा हे मानवले नाही. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. गणित शिकवण्याशी या कार्याचा काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. संबंध काहीच नव्हता, आणि सामाजिक दमनाचे हे एक नेहमीचे लक्षण आहे. विचाराला उत्तर देता येत नसले की विचार करणाऱ्याच्या पोटावर पाय दिला जातो.

जुलै १९२७ मध्ये कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते जवळजवळ एकहाती चालवले. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, स्त्रियांचे स्वातंत्र्य, धर्मश्रद्धेची चिकित्सा असे विषय त्यात असत. शैली कोरडी, नेमकी आणि अनेकदा बोचरी. गणिती माणसाचा तर्क आणि तिरकस विनोद यांचे ते मिश्रण आहे. 'शारदेची पत्रे' हे सदर ते स्वतःच स्त्रीच्या भूमिकेतून लिहीत. मराठी गद्याचे अभ्यासक म्हणून या शैलीकडे तुम्ही अवश्य लक्ष द्यावे. आपल्या वाङ्मयेतिहासांत कर्वे यांना मिळालेली जागा त्यांच्या गद्याच्या योग्यतेपेक्षा बरीच कमी आहे.

मासिकाच्या नावाचा थोडा विचार करू. 'स्वास्थ्य' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक आरोग्य, दुसरा निश्चिंतपणा किंवा शांतता. 'जिवाला स्वास्थ्य नाही' असे आपण म्हणतो तेव्हा आजारपणाविषयी बोलत नसतो. कर्वे यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. त्यांच्या विरोधकांची तक्रार दुसऱ्या अर्थाने होती. हा गृहस्थ समाजाचे स्वास्थ्य बिघडवतो आहे, असे त्यांना वाटे. दोघेही एका अर्थी बरोबर होते. कर्वे समाजाची झोपमोड करीतच होते. वाद एवढाच होता की आजारी माणसाला त्याचा आजार सांगावा की त्याची शांतता जपावी.

मासिकातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे. घरात, शाळेत, वैद्याकडे, कोठेही जो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, तो प्रश्न कोणी अनोळखी माणूस टपालाने पाठवी आणि त्याला छापील उत्तर मिळे. त्या एकाच्या निमित्ताने, विचारण्याचे धैर्य नसलेल्या इतरांनाही ते मिळे.

कर्वे यांच्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. १९३१ मधील पहिल्या खटल्यास त्यांचा व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेख कारण झाला. त्यात त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील दुसरा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला. या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला. आंबेडकरांनी मात्र हा विषय न्यायालयात सोडून दिला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

५.४ कायद्याची कसोटी

त्या काळी अश्लीलता ठरवण्यासाठी न्यायालये १८६८ च्या एका इंग्रज खटल्यातील कसोटी वापरीत. तिला 'हिक्लिन कसोटी' म्हणतात. ज्यांची मने अनैतिक प्रभावाला सहज बळी पडतील अशांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्या लेखनात आहे काय, असा तिचा आशय होता. येथे समोर कोणता वाचक धरला आहे, ते पाहा. ज्याने प्रश्न विचारला तो नव्हे, ज्या स्त्रीला सहावे बाळंतपण टाळायचे आहे तीही नव्हे. कायद्याने सर्वांत दुबळ्या मनाचा एक वाचक कल्पिला आणि सगळ्या समाजाचे वाचन त्याच्या मापाने बेतले. प्रौढ माणसांना कायमचे अज्ञान बालक ठरवणारी ही रीत आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये एक अपवाद होता. धार्मिक हेतूने ठेवलेली पुस्तके आणि मंदिरांवरील शिल्पे यांना हे कलम लागू नव्हते. विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला असे संरक्षण देणारी दुरुस्ती १९६९ साली झाली. कर्वे यांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या कथेला अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले. एका दिवाळी अंकातील कथेला निर्दोष ठरायला सात वर्षे लागली. हिक्लिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे बाजूला सारली ती २०१४ मध्ये.

स्वयंअध्ययन प्रश्न : 'स्वास्थ्य' या शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे कर्वे आणि त्यांचे विरोधक यांच्यातील वाद आठ-दहा ओळींत मांडा. गांधीजींनी संततिनियमनाच्या साधनांना केलेला विरोध हा दमनाचा प्रकार का म्हणता येत नाही?

५.५ हानी कोणाची?

आता प्रास्ताविकात विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. कर्वे यांचे काय झाले? नोकरी गेली, दंड झाला, मासिक कायम तोट्यात राहिले. तरी ते लिहीत राहिले. त्यांचे विचार दडपले गेले असे म्हणता येणार नाही. ते आजही उपलब्ध आहेत. मग दमन यशस्वी झाले ते कोठे?

पहिली गोष्ट म्हणजे न लिहिलेली पत्रे. संपादकाला न्यायालयात खेचले गेले ही बातमी वाचल्यावर किती वाचकांनी हातातील कागद फाडून टाकला असेल, याची मोजदाद शक्य नाही. छापलेल्या उत्तराला दंड झाला, पण न विचारलेल्या प्रश्नांना झालेली शिक्षा कोठेही नोंदवली गेली नाही. दमनाचा परिणाम अभ्यासताना ही अडचण नेहमी येते. जप्त झालेले पुस्तक दाखवता येते, न सुचलेले पुस्तक दाखवता येत नाही. एका कर्व्यांना शिक्षा झाली तेव्हा इतर डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि संपादकांनी आपापल्यापुरता धडा घेतला. दुसरा कर्वे झाला नाही. सव्वीस वर्षे हा विषय मराठीत जवळजवळ एका माणसाच्या खांद्यावर राहिला, हेच त्या धड्याच्या यशाचे गमक आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. जिज्ञासा दडपली तरी ती नाहीशी होत नाही, ती आडवाटेने जाते. त्याच काळातील वृत्तपत्रांत धातुपुष्टीच्या गोळ्या, हरवलेले पौरुष परत देणारी चूर्णे, गुप्तरोगांवरील रामबाण औषधे यांच्या जाहिराती सर्रास छापल्या जात. त्या कोणाला फारशा अश्लील वाटल्या नाहीत. तरुणांच्या मनात भीती उत्पन्न करायची आणि मग त्या भीतीवर औषध विकायचे, असा तो धंदा होता. ही भीती निराधार आहे असे सांगणारा प्राध्यापक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. शास्त्रीय माहिती अडवल्याने समाज निर्मळ राहिला नाही. वैदूला ग्राहक मिळाले, एवढेच झाले.

तिसरी हानी स्त्रियांची, आणि ती सर्वांत जड. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या, कधी त्यातच दगावलेल्या स्त्रिया प्रत्येक घराण्याच्या आठवणीत आहेत. तुमच्या आजी-पणजीच्या पिढीतील स्त्रियांची किती बाळंतपणे झाली आणि किती मुले जगली, हे घरातील वयस्करांना विचारून पाहा. नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग म्हणजे काय हे न कळताच तो भोगणाऱ्याही याच स्त्रिया. उपाय अस्तित्वात होते, मुंबईत १९२१ पासून एक केंद्रही होते. परंतु ज्या गोष्टीचे नाव काढणे असभ्य, तिचा पत्ता विचारणार कसा? या ठिकाणी 'विचारस्वातंत्र्य' हा शब्द केवळ विद्वानांच्या कामाचा राहत नाही. मत मांडण्याच्या अधिकाराची चर्चा आपण लेखकाच्या बाजूने करतो. ऐकण्याच्या आणि विचारण्याच्या अधिकाराची फारशी करीत नाही. ज्या स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते, तिचाही या मासिकावर हक्क होता. कोणी वाचलेले तिच्या कानावर आले असते.

५.६ दमनानंतर सक्ती

कर्वे यांच्या अखेरच्या वर्षांत एक मोठा बदल घडला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा समावेश झाला, त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९५२ मध्ये भारताने तो राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. ज्या विषयावर लिहिण्यासाठी दंड होत होता, तो आता सरकारी खात्याचा विषय झाला. वरवर पाहता हा कर्व्यांचा विजय आहे.

पण समाजाला या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची सवय दरम्यान लागलीच नव्हती. संभाषण घडले नाही आणि कार्यक्रम आला. कार्यक्रमाबरोबर उद्दिष्टांचे आकडे आले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण बसले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतरच्या सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. अनेक ठिकाणी झालेल्या जुलमाच्या हकिकती लोकांना ठाऊक होत्या, पण छापता येत नव्हत्या. त्यामुळे त्या राज्यकर्त्यांनाही नीट कळल्या नाहीत. दुसऱ्याचे तोंड बांधणाऱ्याचे कान आपोआप बंद होतात. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांत काँग्रेसला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही, तेव्हा ती बातमी एकदम पोहोचली.

याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पुढे त्यांना अटक झाली. संमेलनाध्यक्षांच्या भाषणांचा अभ्यास करताना हा प्रसंग तुम्हाला पुन्हा भेटेल.

१९३४ चा दंड आणि १९७६ ची सक्ती या गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. एकीत संततिनियमनाचा उच्चार गुन्हा होता, दुसरीत ते न करणे गुन्ह्यासारखे झाले. तरी दोन्हींच्या मुळाशी एकच धारणा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. सामान्य माणसाने या विषयावर स्वतः विचार करून निर्णय घ्यावा, ही शक्यता दोन्ही वेळा गृहीतच धरली गेली नाही. त्याचे परिणाम अजून पुसले गेलेले नाहीत. १९७७ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून 'कुटुंबकल्याण' झाले, पण पुरुषांच्या मनातील धास्ती नावाबरोबर गेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती. पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. पुरुषाची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते, हे शास्त्र सांगते. आकडे मात्र स्त्रीकडे बोट दाखवतात. शंभर वर्षांपूर्वी जो विषय घराघरांत बोलला जायला हवा होता, त्याचे ओझे आजही तिच्याच शरीरावर आहे.

५.७ एक आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. प्रत्येक विचार कर्व्यांच्या विचारासारखा हितकारक नसतो; द्वेष पसरवणारे, खोटी माहिती देणारे लेखनही 'विचारस्वातंत्र्य' या नावाखाली वावरते. आपल्या संविधानानेही अनुच्छेद १९ मध्ये भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देताना सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, अब्रूनुकसानी यांसारख्या कारणांसाठी वाजवी निर्बंध मान्य केले आहेत. हे खरे आहे. परंतु १९३१ मध्ये कर्व्यांविरुद्ध तक्रार करणाऱ्यांनाही आपण समाजाचे रक्षणच करीत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत होते, हेही विसरता येत नाही. निर्बंध घालताना हानीचा पुरावा मागावा की केवळ धक्का बसणे पुरेसे समजावे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. त्यावर अभ्यासकांत एकमत नाही. तुम्ही आपले मत बनवताना मात्र एक पथ्य पाळावे : ज्यांना ते लेखन खटकले त्यांच्याबरोबरच, ज्यांना त्याची गरज होती अशांचीही साक्ष काढावी.

स्वाध्याय

दीर्घोत्तरी : 'दमनाची खरी हानी लेखकापेक्षा वाचकाची होते' या विधानाची 'समाजस्वास्थ्य'च्या आधारे चिकित्सा करा. विधान मान्य नसल्यास तसे सकारण लिहावे. त्यासाठी गुण कमी केले जाणार नाहीत.

लघुत्तरी : हिक्लिन कसोटीतील 'कल्पित वाचक' ही कल्पना स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य : जवळच्या ग्रंथालयात १९२० ते १९४० या काळातील एखाद्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक उपलब्ध असल्यास त्यांतील औषधांच्या जाहिराती पाहा आणि शरीर व आरोग्य यांविषयीचे लेख त्याच अंकांत किती आहेत, याची नोंद करा. अंक न मिळाल्यास आपल्या कुटुंबातील किंवा शेजारच्या सत्तरीपुढील दोन स्त्रियांशी, त्यांची संमती घेऊन, बोला. लग्नाच्या वेळी त्यांना कोणत्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या आणि कोणत्या विचारायच्या राहून गेल्या, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नावे लिहू नयेत.